९९९९९ : चुंबकीय नोंदींच्या खोलीतले अकरा आठवडे

काम : मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या १८५९च्या छापील चुंबकीय नोंदी संगणकावर आणणं. आधी आडवं क्षेत्र (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग), वेळ उरल्यास दिक्पात (चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून किती वळते तो कोन).
जागा : विद्यापीठाच्या एका विभागाचं डेटा सेंटर. दोन खोल्या.
मुदत : १० एप्रिल ते २८ जून २०२४. पद : प्रकल्प सहायक, तात्पुरतं.

वहीत घाईत लिहिलेली वाक्यं इथे पुरी केली आहेत. क्रम आणि तारखा होत्या तशाच आहेत.

१० एप्रिल, बुधवार

काल पाडवा झाला, आज रुजू झाले. ‘डेटा सेंटर’ म्हटल्यावर मनात जे येतं त्यातलं इथे मागच्या खोलीत थोडंसं आहे: एक रॅक, त्यात दोन सर्व्हर, एक टेप ड्राइव्ह, खाली यूपीएस आणि भिंतीवर चोवीस तास चालणारा एसी. खरा ऐवज पुढच्या खोलीत आहे. चार गोदरेजची कपाटं, त्यांत वेधशाळांचे वार्षिक खंड, मायक्रोफिल्मचे डबे, बांधून ठेवलेल्या तक्त्यांच्या चळती. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्या आणि जुना कागद असा मिश्र वास येतो.

माणसं तीन. मॅडम, म्हणजे विभागातल्या प्राध्यापिका. त्या दिवसातून दोन तास इथे असतात. काका कपाटं, स्कॅनर आणि मायक्रोफिल्म सांभाळतात, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तिसरी मी.

आल्याआल्या टायपिंगला बसायच्या तयारीत होते. मॅडम म्हणाल्या, “दोन दिवस कीबोर्डला हात लावू नकोस. खंडाची प्रस्तावना वाच. उपकरण कुठलं, ते कसं टांगलं होतं, वेळ कुठली धरली, हे कळल्याशिवाय आकडा टाइप केलास तर तो नुसता आकडा राहील.”

१२ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस वाचनच केलं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये उभारली, ती जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली १८४१मध्ये. तेव्हा एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार ते काम पाहायचे. त्यांच्या हाताखाली कोवळ्या वयात नोकरीला लागलेला एक मुलगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. पुढे पुण्यात ते गणित शिकवू लागले आणि टिळक त्यांचे विद्यार्थी झाले, हे शाळेपासून माहीत होतं. त्याआधीची वर्षं त्यांनी मुंबईच्या टोकाला, समुद्राच्या वाऱ्यात, वेधशाळेतले आकडे टिपण्यात घालवली, हे मात्र मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली होती. ज्या माणसांना आपण वर्तमानपत्र आणि पाठ्यपुस्तकांसाठी ओळखतो, ती याच खोल्यांमध्ये वावरत होती.

उपकरणाबद्दल माझ्यापुरतं टिपून ठेवते. आडव्या क्षेत्राचा चढउतार मोजायला चुंबक दोन समांतर तारांनी टांगतात. तारांना पीळ देऊन त्याला उत्तर-दक्षिण रेषेला काटकोनात धरून ठेवायचं. पृथ्वीचं आडवं क्षेत्र बदललं की पीळ आणि चुंबक यांचा तोल ढळतो आणि चुंबक किंचित वळतो. त्यावर एक आरसा असतो. लांब बसलेला निरीक्षक दुर्बिणीतून त्या आरशात पट्टीचं प्रतिबिंब पाहतो आणि वाचन लिहितो. तपमान बदललं तर चुंबकाची ताकदही बदलते, म्हणून शेजारी तापमापी असतो आणि त्याचं वाचनही लिहायचं असतं. कुलाब्यातलं उपकरण डब्लिनच्या ग्रब यांच्याकडचं होतं. छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद होऊ लागली ती १८७२पासून. म्हणजे १८५९चा प्रत्येक आकडा कुणीतरी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेला आहे. दर तासाला, रात्रीसुद्धा.

लोखंड जवळ चालत नाही. किल्ल्या, चाकू, लोखंडी बटणं, सगळं बाहेर ठेवून मगच आत जायचं.

१५ एप्रिल, सोमवार

टायपिंग सुरू झालं. पद्धत अशी: एकच पान दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करायचं, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही फायली संगणक ताडून बघतो आणि जिथे फरक असेल तिथे मूळ पान उघडायचं. दुसरी टाइप करणारी म्हणजे एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, दुपारी येते. ओसीआर, म्हणजे छापील पान संगणकाकडूनच वाचून घेणं, करून पाहिलं होतं. जुन्या छपाईत ३ आणि ८, १ आणि ७ यांत त्याची फसगत होते, आणि वाईट म्हणजे चुकीचा आकडाही तितक्याच खात्रीने देतो. हाताने टाइप करणारं माणूस निदान अडखळतं तरी.

आज एक गोष्ट कळली तिने दिवस सार्थकी लागला. छापील तक्त्यात सरासरी दिलेल्या असतात. त्या काळच्या कारकुनांनी हाताने बेरजा करून काढलेल्या. आपण टाइप केलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी छापील सरासरीशी जुळली नाही, तर त्या ओळीत चूक आहे. तशीच एकेका तासाची महिन्याची सरासरी ताडली, तर चूक कुठल्या रकान्यात आहे तेही कळतं. आडवी ओळ आणि उभा रकाना जिथे छेदतात तिथे बोट ठेवायचं. आजचे संगणक फाइल शाबूत आहे की नाही हे चेकसमने पाहतात. तेच काम इथे कुणीतरी शाईने आणि तोंडी बेरजेने करून ठेवलं आहे. ते आपल्यासाठी केलेलं नव्हतं, तरी उपयोगी आपल्याला पडतं आहे.

आज ११ पानं.

१९ एप्रिल, शुक्रवार

एप्रिल १८५९ची एक ओळ जुळेना. तीनदा टाइप केली. आम्ही दोघीही ८ वाचत होतो. काकांनी पान खिडकीशी नेलं, भिंग लावलं, म्हणाले, “ताई, हा ३ आहे. शाई पसरल्ये.” बेरीज जुळली.

स्कॅन करताना काका खंड कधीच पुरता उघडत नाहीत. खाली उतरता लाकडी पाट, वर कॅमेरा. “काच दाबली की शिवण सुटते,” हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आहे.

२३ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस वेळेच्या हिशेबात गेला.

मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटं. आज आपण वापरतो ती साडेपाच तासांची प्रमाणवेळ १९०६ची, आणि मुंबईत जुनी वेळ त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. भरीला आणखी एक: १८३०च्या दशकात गाउस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी जगभरच्या वेधशाळांना एकाच क्षणी निरीक्षण करायला लावलं, तेव्हा सगळ्यांनी जर्मनीतल्या ग्योटिंगेनची वेळ धरायची असा रिवाज होता. त्यामुळे त्या शतकातल्या कुठल्याही खंडावर ‘१० वाजता’ लिहिलेलं दिसलं, की ‘कुठले १०?’ हा प्रश्न आलाच. आमच्या फायलींत दोन रकाने ठेवले आहेत: छापलेली वेळ जशीच्या तशी आणि शेजारी वैश्विक (म्हणजे ग्रिनिचची) वेळ. पहिला रकाना कुणीही बदलायचा नाही.

२९ एप्रिल, सोमवार

काकांनी मायक्रोफिल्मचं एक कपाट उघडलं आणि खोलीत व्हिनेगरचा वास पसरला. अ‍ॅसिटेटची फिल्म जुनी झाली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटायला लागतं. फिल्म आक्रसते, कडा लाटांसारख्या होतात. एका डब्यात हे सुरू झालं की त्या वाफेने शेजारच्या डब्यांनाही लागण होते. बारा डबे वेगळे काढले. आधी हेच स्कॅन करायचे, असं ठरलं.

दुसऱ्या खणात २००३च्या सुमारास जाळलेल्या सीडी. चौदा तपासल्या, पाच वाचता आल्या नाहीत. त्या सीडींत किरण जिथे नोंद वाचतो तो थर सेंद्रिय रंगाचा असतो आणि तो आपल्या हवेत टिकत नाही. सुदैवाने त्यांतल्या चारांचा मजकूर सर्व्हरवर निघाला.

टेबलावर एका बाजूला १८६०मध्ये छापलेला खंड, दुसऱ्या बाजूला वीस वर्षांची सीडी. खंडाच्या कडा कसरीने खाल्ल्यात, पण एक आकडाही गेलेला नाही.

६ मे, सोमवार

आजची नोंद सविस्तर लिहायला हवी, कारण चूक माझी आहे.

मागच्या आठवड्यात आडव्या क्षेत्राची वर्षभराची मालिका तयार झाली. तासागणिक, शिवाय गडबडीच्या दिवसांची मधली जादा वाचनं. टायपिंगच्या उरल्यासुरल्या चुका पकडायला मी एक स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक वाचन त्याच तासाच्या आसपासच्या ३१ दिवसांच्या मध्यकाशी ताडायचं. नेहमीच्या पसाऱ्याच्या पाचपटीहून लांब गेलं तर ते चुकीचं समजायचं आणि त्या जागी ९९९९९ लिहायचं. आमच्या क्षेत्रात फायलींचा जो जागतिक साचा आहे, त्यात ९९९९९ म्हणजे ‘वाचन नाही’.

स्क्रिप्ट चालली. आलेख नीटनेटका आला, रोजचा चढउतार स्वच्छ दिसायला लागला. मुंबईत आडवं क्षेत्र शांत दिवशी दुपारकडे साधारण ४०-५० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) वर जातं आणि संध्याकाळी खाली येतं. ते डोंगर एकापुढे एक शिस्तीत उभे. मी प्रिंट काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी पेन्सिलीने वर्षाच्या दोन तृतीयांशावर टिचकी मारली. “इथे काय झालं?”

आलेखात एक छोटी फट होती. मी म्हटलं, “तिथले आकडे बिघडलेले होते मॅडम, एकदम खाली गेलेले. बहुतेक छपाईची चूक. काढून टाकले.”

“तारीख वाच.”

२ सप्टेंबर १८५९.

त्या रागावल्या नाहीत. उठून त्यांनी स्वतः खंड काढला, ते पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी ते पान टाइप केलं होतं. आकडे माझ्या बोटांखालून गेले होते आणि मला काही जाणवलं नव्हतं, कारण ओळ जुळते का एवढंच मी बघत होते.

१ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या डागांचं चित्र काढत होते. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी त्यांना डागांच्या एका झुबक्यावर दोन प्रखर पांढरे ठिपके चमकताना दिसले. पाच मिनिटांत मावळले. रिचर्ड हॉजसन यांनीही स्वतंत्रपणे तेच पाहिलं. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. साडेसतरा तासांच्या आसपास वेळ गेला आणि सूर्याने फेकलेलं द्रव्य पृथ्वीवर येऊन आदळलं. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडमधल्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि वादळामुळे तारेत उमटलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. ध्रुवीय प्रकाश क्युबापर्यंत दिसला. युरोपातल्या कितीतरी वेधशाळांमध्ये चुंबक इतके उधळले, की नोंद कागदाच्या बाहेर गेली.

कुलाब्यात दिवस उजाडलेला होता. आकाशात बघण्यासारखं काही नव्हतं. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाला फक्त पट्टी सरकताना दिसली असेल. आडवं क्षेत्र थोड्याच वेळात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळलं. तिथल्या एकूण आडव्या क्षेत्राच्या जवळजवळ चार टक्के. त्या माणसाने तासाची वाट पाहिली नाही. गडबड सुरू झाल्यावर वाचनं पाच-पाच मिनिटांनी घेतलेली आहेत. विषुववृत्ताजवळच्या भागातून त्या चुंबकीय वादळाची इतकी सलग नोंद दुसरी नाही. ते वादळ किती मोठं होतं हे आज जग जे सांगतं, त्याचा मोठा आधार ही पानं आहेत.

आणि माझ्या स्क्रिप्टने नेमकी तीच वाचनं पुसली होती. २८-२९ ऑगस्टला आधीचं एक वादळ येऊन गेलं होतं, त्याचाही निम्मा भाग गेला होता.

“मूळ फाइल आहे ना?” मॅडमनी विचारलं. होती. स्क्रिप्टने वेगळी फाइल लिहिली होती. तेवढं मी बरोबर केलं होतं.

७ मे, मंगळवार

काल रात्री नीट झोप लागली नाही. स्क्रिप्ट चुकीची नव्हती, असं मनाशी म्हणून पाहिलं. तिने सांगितलेलं केलं. मीच तिला असं सांगितलं होतं की जे नेहमीसारखं दिसत नाही ते खोटं.

ज्याने ते आकडे लिहिले त्यालाही ते खोटे वाटू शकले असते. चुंबक अडकला असेल, तार सुटली असेल, कुणी लोखंड घेऊन आत आलं असेल, असं म्हणून त्याला ओळ कोरी सोडता आली असती. त्या वेळी सूर्यावरच्या चमकेचा आणि चुंबकाच्या हालचालीचा संबंध त्याला कुणी सांगितलेला नव्हता. खुद्द कॅरिंग्टननीही तो सावधपणेच सुचवला होता. त्याने जे दिसलं ते लिहिलं आणि जास्त वेळा लिहिलं. त्या दिवशी दुर्बिणीशी कोण बसलं होतं ते मला ठाऊक नाही. वेधशाळेचे प्रमुख लेफ्टनंट फर्ग्युसन होते. पण हाताखालच्या ज्या माणसाने पाच मिनिटं मोजली, त्याला मी आज मनापासून नमस्कार केला.

स्क्रिप्ट बदलली. ती आता काहीही पुसत नाही. संशयित वाचनापुढे खूण करते आणि पानाचा क्रमांक देते. बघायचं माणसाने.

११ मे, शनिवार

हे लिहिताना हात थरथरतो आहे.

काल अक्षय्य तृतीया. आमरस-पुरी खाऊन सगळे लवकर झोपलो. सकाळी उठून सवयीने जपानमधल्या क्योटोच्या भूचुंबकीय केंद्राचं पान उघडलं. तिथे चुंबकीय वादळाचा जोर दाखवणारा डीएसटी निर्देशांक तासातासाला येतो: दक्षिण आफ्रिकेतलं हर्मेनस, जपानमधलं काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार वेधशाळांच्या आडव्या क्षेत्रावरून काढलेला. रेषा दरीत उतरलेली होती. काल रात्री आपल्या घड्याळात साडेदहानंतर धडक बसली, आणि आज सकाळी साडेआठच्या आसपास निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली गेला. सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून लागोपाठ निघालेले ढग. अमेरिकेच्या अवकाश-हवामान केंद्राने सर्वांत वरची पाचवी पायरी जाहीर केली, ती २००३च्या ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

सुट्टी असूनही ऑफिसात गेले. मॅडमही आल्या होत्या. लडाखमध्ये हानले इथे पहाटे कॅमेऱ्यांनी तांबूस आकाश टिपल्याचं कळलं. मॅडमनी १८५९चा आलेख आणि क्योटोची रेषा शेजारी शेजारी लावली. मी लगेच म्हटलं, “म्हणजे कॅरिंग्टनचं वादळ याच्या चौपट.” त्यांनी थांबवलं. एका ठिकाणची पाच मिनिटांची वाचनं आणि चार ठिकाणांची तासाची सरासरी, यांची तुलना अशी करता येत नाही. कुलाब्याच्या वाचनांचीच तासाची सरासरी घेतली तर तो खड्डा निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय त्या वेळी मुंबई पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूला होती, आणि त्या खड्ड्यात पृथ्वीभोवतीच्या वलयातल्या प्रवाहाचा वाटा किती आणि वरच्या वातावरणातल्या प्रवाहांचा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

तरी मी ते दोन आलेख बराच वेळ बघत राहिले. एक कोसळणं शाईतलं, एक चालू असलेलं. आकार तोच: आधी छोटी उसळी, मग सरळ कडा, मग भरत येणारी चढण. वादळात पृथ्वीभोवती काही पृथ्वीत्रिज्यांवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह बळावतो आणि खाली आपल्याकडचं आडवं क्षेत्र त्याने घटतं. १८५९ला जो नियम होता, तोच आज.

‘आदित्य एल१’ आता १५ लाख किलोमीटरवर सूर्याकडे तोंड करून आहे. त्याचं उड्डाण झालं २ सप्टेंबर २०२३ला. तारीख पाहून मला पुन्हा ते पान आठवलं.

१३ मे, सोमवार

मतदान. आमचं डेटा सेंटर बंद. काकांना निवडणुकीची ड्यूटी होती, दोन दिवस येणार नाहीत.

२१ मे, मंगळवार

दुपारी वीज गेली, यूपीएसने वीस मिनिटं धरलं, पण एसी त्यावर नाही. मागची खोली तापायला लागली. मॅडमना फोन केला; “सर्व्हर शिस्तीत बंद कर, घाई करू नकोस.” केले. वीज आल्यावर चार डिस्कपैकी एकीचा तांबडा दिवा लागलेला होता. बाकीच्या तिघींवरून मजकूर शाबूत निघाला. नवी डिस्क घातली, पुन्हा भरायला सात तास लागले, तोवर मी उठले नाही.

मग टेपवरून एक फाइल परत काढून तिचा चेकसम ताडला. मॅडमचा नियम: परत काढून पाहिला नाही तोवर बॅकअपला बॅकअप म्हणायचं नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत.

ही काळजी या क्षेत्राला मुळापासून आहे. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जगभरातून निरीक्षणं जमली, तेव्हा ती एकाच देशात ठेवायची नाहीत असं ठरलं. एक केंद्र अमेरिकेत, एक सोव्हिएत रशियात, बाकीची युरोप आणि जपानमध्ये, सगळीकडे प्रती. शीतयुद्ध ऐन भरात असताना. मुंबईतलं भूचुंबकाचं जागतिक केंद्र त्याच परंपरेतलं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या देशांनी चुंबकाचे तक्ते मात्र एकमेकांना टपालाने पाठवले, हे मला फार मोठं वाटतं.

३ जून, सोमवार

आज फोल्डरांची नावं लावताना घोटाळा केला. ‘कुलाबा’ नावाच्या फोल्डरात अलिबागचे स्कॅन ठेवले.

याला कारण आहे. माझं आजोळ अलिबागचं. आजी ‘कुलाबा’ म्हणायची ते किल्ल्याला, ओहोटीला चालत जायचो तो. जिल्ह्याचं नावही १९८१पर्यंत कुलाबाच होतं, मग रायगड झालं. मुंबईचा कुलाबा वेगळा. आणि चुंबकीय नोंदींच्या इतिहासात हे दोन्ही कुलाबे एकामागून एक येतात!

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा वेधशाळेपुढे प्रश्न उभा राहिला. रुळांतून परतणारा वीजप्रवाह जमिनीत झिरपतो आणि चुंबक त्याने हलतात. नवी जागा शोधली ती समुद्रापलीकडे अलिबागला. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी ते स्थलांतर घडवलं. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडाची, कारण त्या दगडात चुंबकत्व नाही. १९०४ला तिथे नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. दोन वर्षं, १९०६पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली. दोन्ही जागांमधला फरक नीट कळला, तेव्हाच जुनी जागा सोडली. ट्राम १९०७ला धावली.

त्या दोन वर्षांमुळे १८४०च्या दशकातली मालिका आजच्या अलिबागच्या मालिकेला सांधता येते. तो सांधा नसता तर दोन तुटक तुकडे राहिले असते. मूस यांनी १८४६ ते १९०५ची निरीक्षणं दोन खंडांत मांडली, १९१०मध्ये. ते दोन्ही खंड आमच्या तिसऱ्या कपाटात वरच्या खणात आहेत.

लहानपणी त्या वेधशाळेच्या कुंपणाबाहेरून आम्ही समुद्रावर जायचो. आत काय चालतं हे कधी कुणाला विचारलं नाही. आज आईला फोन करून सांगितलं.

१४ जून, शुक्रवार

बाहेर पाऊस, आत डीह्युमिडिफायर. दिक्पाताचं टायपिंग १८५९च्या ऑगस्टपर्यंत पोचलं.

खुणांची पद्धत मॅडमबरोबर बसून पक्की केली. ० : वाचन छापील पानाशी जुळतं. १ : छपाई अस्पष्ट, दोन वाचनं शक्य, दोन्ही लिहावीत. २ : नेहमीपेक्षा फार वेगळं, पण मूळ पानावर तसंच आहे. ९ : पान फाटलेलं किंवा आकडा नाही. ९९९९९ फक्त ९च्या सोबत.

२ या खुणेवर आमची अर्धा तास चर्चा झाली. मला तिथे ‘खरं’ असं लिहायचं होतं. मॅडम म्हणाल्या, खरं आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही. पानावर आहे एवढंच आपल्याला ठाऊक आहे. आधी पटलं नाही. घरी जाताना बसमध्ये पटलं.

२८ जून, शुक्रवार

शेवटचा दिवस. सुपूर्द केलेल्या गोष्टी:

आडवं क्षेत्र, जानेवारी ते डिसेंबर १८५९, दोनदा टाइप करून ताडलेलं, सरासरींशी जुळवलेलं. पट्टीच्या भागांतलं मूळ वाचन एका रकान्यात, प्रस्तावनेतला गुणक लावून काढलेलं नॅनोटेस्लातलं मूल्य दुसऱ्यात. गुणक उद्या कुणी सुधारला तर मूळ वाचनावरून पुन्हा सगळं काढता येईल. व्हिनेगर लागलेल्या बारा डब्यांपैकी नऊ स्कॅन झाले. उरलेल्या तिघांची फिल्म चिकटली आहे. ती ओढू नये, जाणकार माणूस बोलवावा. माझी ६ मेची स्क्रिप्टही ठेवली आहे, ‘वापरू नये’ अशा नावाच्या फोल्डरात, का वापरू नये त्या टिपणासह.

काकांनी संध्याकाळी चहा मागवला. निघताना त्यांनी १८५९चा खंड माझ्या हातात दिला, जागेवर ठेवायला. एरवी ते कपाटात खंड स्वतःच ठेवतात.

वाचा-फाइलची (सगळ्या फायलींसोबत ठेवलेल्या टिपणाची) शेवटची ओळ मराठीतच लिहिली, मॅडम राहू दे म्हणाल्या: ‘२८ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर १८५९ या काळातल्या वाचनांना खूण २ आहे. ती वगळू नयेत. दिक्पाताचं काम ३० सप्टेंबर १८५९च्या नोंदींवर थांबलं आहे. पुढच्या व्यक्तीने १ ऑक्टोबरपासून सुरू करावं, आणि आधी प्रस्तावना वाचावी.’